बिनफुग्यांची सोळा पानं

ताईच्या धाकट्या भावाला घरात सगळे भोंगा म्हणत. जन्मला तेव्हा त्याच्या रडण्याने शेजारपाजारचे खिडक्या लावून घ्यायचे म्हणे. तेव्हा चिकटलेलं नाव चाळिशी उलटली तरी सुटलं नव्हतं, आणि सुटावं असं त्याने काही केलंही नव्हतं. शहराबाहेरच्या चुनखडीच्या गुहांमध्ये तो गाईड होता. दिवसभर लोकांच्या घोळक्यापुढे चालत बोलायचं, संध्याकाळी घरी येऊन बायकोशी बोलायचं आणि मग जिना चढून वरच्या मजल्यावर ताईकडे जाऊन उरलंसुरलं बोलायचं, असा त्याचा दिनक्रम.

ताई अगदी त्याच्या उलट. दोन शब्दांत भागत असेल तर ती तिसरा काढायची नाही. कुकर, मिक्सर, शिवणयंत्र असल्या वस्तूंबरोबर जी माहितीपत्रकं येतात, त्यांतली चित्रं काढणं हे तिचं पोटापाण्याचं काम. झाकण असं फिरवा, बटण इथे दाबा. पण तिचा खरा जीव होता तो 'वरचा समुद्र'मध्ये. ही त्या बहीणभावांची चित्रकथा. एका मासिकात दर महिन्याला तिची सोळा पानं यायची. भोंगा लिहायचा आणि ताई काढायची.

'वरचा समुद्र'मधल्या शहराच्या डोक्यावर, जिथे आकाश असायचं तिथे, समुद्र लटकलेला होता. घरं वर ओढली जाऊ नयेत म्हणून दोरखंडांनी जमिनीला बांधून ठेवलेली. नायिकेचं नाव पाणबुडी. ("जहाज नव्हे हो, बाई आहे, बाई!" असं भोंग्याला प्रत्येक नव्या वाचकाला सांगावं लागे.) ही बाई उंच शिडीच्या टोकावरून वरच्या समुद्रात बुडी मारायची आणि लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून आणायची. कुणाचं दार, कुणाची दुपार, कुणाची उंची. तिच्या सोबतीला एक लोखंडी किटली होती. चार पायांची, चालती-बोलती, जगातल्या यच्चयावत विषयांवर स्वतःचं मत असलेली. ती किटली कुणावर बेतली आहे हे भोंगा सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

भोंगा लिहायचा छान, पण भरपूर. चित्रकथेत माणसांच्या तोंडाशी बोलण्याचे जे पांढरे फुगे असतात, ते त्याच्या हातून चौकटीत मावेनासे व्हायचे. ताई देवमाशाच्या पाठीवरून चढत जाणारा जिना काढायची, एकेक पायरी झिजलेली दाखवायची, आणि त्यावर फुगा बसला की जिन्याच्या चार पायऱ्या तेवढ्या उरायच्या. ती कुरकुरायची, पण मनातल्या मनात.

त्या महिन्यात मात्र वाजलं. गोष्टीत किटली समुद्रात खूप वर कुठेतरी हरवली होती आणि पाणबुडी तिला शोधायला एकटीच निघाली होती. भोंग्याने लिहून आणलेलं ताईने वाचलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"ही कोणाशी बोलतेय?"

"स्वतःशी. एकटी आहे ना!"

"सोळा पानं?"

"मनातलं बोलतेय गं. लोकांना कळायला नको?"

"आणि हे काय, 'खालून वर वाचा'?"

हा जुना वाद होता. पाणबुडी वर जाते, तर वाचकाची नजरही पानाच्या तळापासून वर चढत गेली पाहिजे, असं ताईच्या डोक्यात कधीपासून होतं. एकदा तिने तसं पान काढलंही होतं. लोक सवयीने वरून सुरुवात करत, पाणबुडी खाली पडतेय असं समजत आणि पुढच्या पानावर गोंधळून जात. 'गोष्ट चांगली आहे, चित्रं कोणत्या क्रमाने बघायची ते कळवावे,' असं एका वाचकाने अगदी सभ्यपणे कळवलं होतं. त्यावर भोंग्याने हा तोडगा काढला होता.

"पानाच्या डोक्यावर सूचना टाकायची. प्रश्न मिटला."

"सूचना वाचायला नजर आधी वरच जाणार ना? मग खाली कशी यायची?"

"मग बाण काढ."

"बाण मी कुकरसाठी काढते," ताई म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. भोंगा पाय आपटत जिना उतरला. उतरताना तो काहीतरी ओरडला, पण काय ते कळलं नाही. आवाज फाटला होता.

तो फाटलेला आवाज पुन्हा जुळून आलाच नाही. काढे झाले, गुळण्या झाल्या, शेवटी वहिनी त्याला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. वहिनी, म्हणजे भोंग्याची बायको, बालवाडीत शिकवायची. धरून नेण्याचा तिला सराव होता. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि हसत म्हणाले, "स्वरतंतूंवर गाठी आल्यात. घाबरू नका, बोलून बोलून येतात. छोटंसं ऑपरेशन. पण त्यानंतर महिनाभर पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही."

"महिनाच?" वहिनीने विचारलं. डॉक्टरांना वाटलं तिला काळजी वाटतेय.

ऑपरेशन ठीक झालं. घरात शांतता आली ती कुणाला कुठे ठेवावी कळेना. वहिनी पहिल्या संध्याकाळी शाळेतून आली, चप्पल काढून खुर्चीत बसली आणि नुसती बसून राहिली. "ताई, आपल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते, हे मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली.

भोंगा गप्प बसला, पण त्याचे अंगठे बसेनात. तो फोनवर लिहून पाठवू लागला. ताई वर चित्र काढत बसलेली असायची आणि शेजारी फोन सारखा टुंग टुंग करायचा. भाजीत मीठ कमी होतं. पाणबुडीच्या टोपाला खिडकी गोल हवी. किटली हरवली तेव्हा ती काय म्हणाली असेल त्याचे तीन पर्याय पाठवतोय. ताईने फोन पेन्सिलींच्या खणात टाकला आणि खण बंद केला. भोंगा वर येऊन दारात उभा राहिला, हात पसरून, चेहऱ्यावर 'हे काय?' घेऊन.

"लिहिणं म्हणजे बोलणंच तुझं," ताई म्हणाली. "इथे टेबलाशी फोन नाही."

मग तो हातवारे करू लागला. हातवाऱ्यांतही तो बडबड्याच होता.

असे काही दिवस गेल्यावर वहिनीच जिना चढून वर आली. "ताई, ह्यांना आज गुहेवर घेऊन जा. घरात बसून भिंतींना खुणा करतायत. तिथे निदान माणसं दिसतील. दुसरा गाईड बोलेल, हे नुसते टॉर्च धरतील. पण तुम्ही बरोबर राहा. तोंड उघडलं तर मला सांगा."

ताई गुहा बघायला पूर्वी एकदाच गेली होती, फार वर्षांपूर्वी. तेव्हा भोंगा नुकताच नोकरीला लागला होता आणि तिने जे ऐकलं त्यातलं तिला पुष्कळ आठवत होतं, पाहिलेलं मात्र काहीच आठवत नव्हतं.

तिकीट खिडकीशी पोचले तर दुसऱ्या गाईडचा पत्ता नव्हता. त्याची मोटरसायकल वाटेत पंक्चर झाली होती. लोक ताटकळलेले. खिडकीतल्या माणसाने भोंग्याकडे पाहिलं, भोंग्याने गळ्यावर हात ठेवून मान हलवली. खिडकीतल्या माणसाने थोडा विचार केला आणि बाहेर येऊन हाळी दिली, "मंडळी, आजचे गाईड बोलणार नाहीत, फक्त दाखवतील. ज्यांना चालणार नाही त्यांनी दुपारी या."

एक जोडपं निघून गेलं. बाकीचे, कदाचित कंटाळा आला होता म्हणून, कदाचित गंमत वाटली म्हणून, थांबले. भोंग्याने घाबरून ताईकडे पाहिलं. ताईने खांदे उडवले. मग त्याने टॉर्च उचलला आणि चालू लागला.

सुरुवातीला त्याचं काही जमेना. टॉर्च इकडून तिकडे भिरभिरवायचा, लोक एकमेकांवर आपटायचे. कुणीतरी मागून म्हणालं, "कुठे बघायचंय नेमकं?" तो थांबला. टॉर्च खाली धरून स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. त्याच्याकडे बघून सगळेच खाली बघू लागले.

तिथे, त्याच्या बुटांपाशी, खडकात पाण्याचं एक छोटंसं थारोळं होतं. पाणी स्थिर होतं. एकाएकी टप्प झालं आणि त्यावर एक वलय उमटून काठापर्यंत गेलं. भोंग्याने टॉर्च हलवला नाही. पुन्हा टप्प. पुन्हा वलय. आता प्रत्येकाच्या मनात एकच आलं असणार, की हा थेंब पडतोय कुठून? आणि ते मनात येईपर्यंत भोंगा थांबला होता, हे ताईच्या लक्षात आलं. मग प्रकाशाचा गोळा थारोळ्यातून निघाला आणि भिंतीवरून वर सरकू लागला, सावकाश, मुंगी चढते तसा. एक खाच आली, तिच्यात जरा रेंगाळला. पुढे आलेला एक खडक आला, तिथे लोक आपसूक मागे सरले. आणखी वर. माना वर वर जात होत्या. आणि आता छत दिसणार, तेवढ्यात त्याने टॉर्च विझवला.

मिट्ट काळोख. कुणीतरी श्वास आत घेतला तो ऐकू आला. टप्प, थेंब पडला.

मग टॉर्च लागला, पूर्ण वर रोखलेला, आणि छतातून लोंबणारे शेकडो पांढरे सुळके एकदम अंगावर आल्यासारखे झाले. प्रत्येकाच्या टोकाला एकेक थेंब. सगळा घोळका "आऽऽ" झाला, त्यात ताईसुद्धा.

'पान उलटलं,' तिच्या मनात आलं. 'ह्या गाढवाने पान उलटलं.'

परतताना बसमध्ये तिने विचारलं, "तू नेहमी असंच दाखवतोस?"

त्याने मान हलवली. नाही. मग हाताने नक्कल करून दाखवली. नेहमी तो टॉर्च काखेत धरतो, बोटं नाचवत बोलतो, आणि उजेड कुठेतरी कुणाच्यातरी टकलावर पडलेला असतो. ताईला हसू फुटलं. बसमधले लोक वळून बघू लागले. ती हसते आहे आणि भोंगा गप्प आहे, हे दृश्य त्या दोघांना ओळखणाऱ्या कुणी पाहिलं असतं तर त्याला घेरीच आली असती.

घरी आल्या आल्या तिने कोरा कागद टेबलावर पसरला आणि भोंग्याला समोर बसवलं. "फुगे काढून टाकायचे. सगळे. संपूर्ण भाग बिनबोलता."

भोंग्याने लिहिलेल्या कागदांवर हात ठेवला. त्यात पाणबुडीचं एक भाषण होतं, एकटेपणावरचं, ज्याच्यावर त्याने फार मेहनत घेतली होती. ताईला ते माहीत होतं. तिने ते आधीच वाचलं होतं आणि ते खरंच चांगलं होतं.

"भाषण चांगलंय," ती म्हणाली. "पण ते आता तिच्या चेहऱ्यावर आणू."

मग त्याने पेन घेतलं आणि पहिल्याच फुग्यावर काट मारली. दुसऱ्यावर मारली. तिसऱ्यापर्यंत त्याचा हात सैल झाला, आणि भाषणापाशी आल्यावर त्याने ते पान फाडलं नाही, घडी घालून खिशात ठेवलं.

काम सोपं मुळीच गेलं नाही. पहिल्या खेपेला ताईने काढलेलं सगळं इतकं स्वच्छ, इतकं नीट उतरलं, की भोंग्याने पान पाहिलं, उठला, कोपऱ्यातला मिक्सर आणून टेबलावर ठेवला आणि पान बघत बघत त्याचं झाकण लावायची नक्कल केली. डावीकडे फिरवा. खट्. ताईला राग आला, आणि मग तिला दिसलं की तो म्हणतोय ते खरं आहे. सगळं कळत होतं, पण कशाचंच नवल वाटत नव्हतं. लोंबत्या समुद्रात शिरणारी बाई कुकरची शिटी बदलायला निघाल्यासारखी दिसत होती.

दुसऱ्या खेपेला तिने चौकटीच काढल्या नाहीत. अख्खं पान शाईने काळं केलं. खालच्या डाव्या कोपऱ्यात तेवढा पाणबुडीच्या टोपावरचा दिवा पांढरा सोडला, इतका पांढरा की दुसरीकडे कुठे बघावंसंच वाटू नये. तिथून एक दोर निघाला. दोराच्या कडेने तीच पाणबुडी पुन्हा पुन्हा, जरा वर, आणखी वर, प्रत्येक वेळी थोडी लहान. मध्येच थांबून ती जागच्या जागी थबकलेल्या पावसाच्या थेंबांना बाजूला सारते, मण्यांचा पडदा सारावा तशी. मध्येच एका झोपलेल्या राक्षसाच्या कानाच्या पाळीवर बसून दम खाते. अन् अगदी वर, पानाच्या उजव्या टोकाला, दोर काळोखात नाहीसा होतो. तिथे पान उलटायचं.

कुठे थांबायचं ते भोंगा सांगायचा. तळहात दाखवला की थांब. बोटं मिटली की झाक. तो स्टुलावर चढून पाणबुडी व्हायचा, खाली उतरून राक्षस व्हायचा, आणि किटली व्हायचा तेव्हा त्याला नाटक करावं लागायचं नाही. "भुवया वर कर. अजून. हां, तसाच," म्हणत ताईने त्या किटलीच्या झाकणाखाली उतरवल्या. तेव्हा कुठे भोंग्याला शंका आली. त्याने चित्राकडे बोट केलं, मग स्वतःकडे.

"नाही रे, काहीतरीच काय," ताई म्हणाली.

सगळ्यात मोठी बाचाबाची, म्हणजे एकीच्या बाजूने तोंडी आणि दुसऱ्याच्या बाजूने हाताने, झाली ती घंटांच्या पानावर. समुद्राच्या एका कोपऱ्यात बुडालेल्या देवळांच्या घंटा ओळीने लोंबतायत, आणि त्यांत पाण्याने भरून मुकी झालेली किटली अडकून बसली आहे. ताईने किटली ठळक, मधोमध काढली होती. भोंग्याने नकार दिला. त्याने किटलीवर बोट ठेवून ते मागच्या रांगेत सरकवलं, मग तिचा अर्धा भाग तळहाताने झाकला. मग पाणबुडीवर बोट ठेवून तिला किटलीसमोरून तशीच पुढे नेली, मान दुसरीकडे वळवलेली.

"म्हणजे वाचकाला दिसणार आणि हिला दिसणार नाही?"

त्याने जोरजोरात होकाराची मान डोलावली. आणि मग दोन्ही हातांनी तोंड दाबून, डोळे मोठे करून, खुर्चीतल्या खुर्चीत उड्या मारून दाखवल्या. वाचकाचं असं होईल.

ताईने खोडरबर उचललं.

पानं पुरी झाली तेव्हा ती घेऊन दोघं संपादकबाईंकडे गेली. एरवी अशा वेळी भोंगा बोलायचा आणि ताई खिडकीबाहेर बघायची. आज ताईने रस्ताभर चार वाक्यं पाठ केली होती. संपादकबाईंच्या समोर बसल्यावर ती चारही पळाली. तिने पानं पुढे सरकवली आणि म्हणाली, "बघा."

संपादकबाईंनी चष्मा बदलला. पहिलं पान, दुसरं पान. "शब्द कुठायत?" त्या वर न बघता म्हणाल्या. त्याच वेळी काळं पान आलं होतं आणि ताई बाईंच्या डोळ्यांकडे टक लावून बघत होती. डोळे सवयीने वर गेले, तिथे त्यांना काही सापडलं नाही, आणि ते सरळ खालच्या कोपऱ्यात उतरले. दिव्यावर. मग दोराच्या कडेने चढायला लागले. ताईने टेबलाखाली भोंग्याचा हात घट्ट धरला.

घंटांच्या पानावर संपादकबाई थबकल्या. पाणबुडी पुढे निघून गेली तशा त्या "अगं..." म्हणाल्या आणि मग आपण मोठ्याने बोललो हे लक्षात येऊन खोकल्या. शेवटपर्यंत गेल्या. मागे आल्या. पुन्हा सगळं पाहिलं. मग पानं एकसारखी करून टेबलावर ठेवली.

"छापू या," त्या म्हणाल्या. "काही वाचक भांडतील, भांडू देत. फक्त एक. शब्दच नाहीत, तर लेखक म्हणून ह्यांचं नाव ह्या भागावर कशासाठी? चित्रं तर सगळी तुमची."

त्यांनी ते वाईट हेतूने विचारलं नव्हतं. पण भोंग्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. एक अक्षर काढायची सोय नव्हती.

आणि ताई बोलायला लागली.

"तुम्ही आत्ता काळ्या पानावर आधी खाली पाहिलंत आणि मग वर गेलात. काढलं मी. पण आधी काय दिसावं, कुठे थांबावं आणि वर पोचेपर्यंत काय लपवून ठेवावं, हे ह्याने ठरवलं. मला ते येत नाही. मी गेली कित्येक वर्षं माणसांना मिक्सर कसा लावायचा ते दाखवतेय, माझ्याकडून काही लपवलंच जात नाही. घंटांमध्ये ती किटली मी मधोमध बसवली होती. तुम्ही 'अगं' म्हणाला नसतात. तुम्ही 'सापडली वाटतं' म्हणाला असतात आणि पान उलटलं असतंत. ह्याने तिला मागे ढकललं. हा माणूस अंधारात पन्नास लोकांना एका थेंबाकडे बघायला लावतो, मी पाहिलंय. आणि ह्याने स्वतःचं एक भाषण काढून टाकलंय, ते इतकं चांगलं होतं की मला वाचताना रडू आलं होतं. हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणता लेखक कशाला. लिहिलेलंच आहे हे. त्याने लिहिलंय आणि मी काढलंय, नेहमीसारखं."

ताईला वाटलं आपण फार बोललो, आणि तिचे कान तापले.

"दोन्ही नावं राहतील," संपादकबाई म्हणाल्या. "आणि बाई, तुम्ही पुढच्या वेळेपासून बोलत जा जरा."

रस्त्यावर आल्यावर भोंगा बराच वेळ ताईच्या पुढे पुढे चालत राहिला. मग थांबला, वळला, काहीतरी सांगायला हात वर केले आणि त्याला खूणच सापडेना. शेवटी त्याने तिच्या खांद्यावरची पानांची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली.

मासिक छापायला गेलं त्या दिवशी ताईचा फोन वाजला. छापखान्यातला मशीनवाला होता, चांगलाच हवालदिल. "ताई, तुमची फाईल अर्धवट आलीय. फुगे यायचे राहिलेत."

"फुगे नाहीतच."

"म्हणजे विसरलात?"

"काढलेच नाहीत."

"मग लोकांनी वाचायचं काय?"

"तुम्ही काय केलंत?"

"मी आपलं बघत गेलो."

"कुठपर्यंत?"

"शेवटपर्यंत की. मशीन थांबवून ठेवलंय म्हणून तर फोन केला."

"मग चालू करा."

"करतो, करतो. एक विचारू का? ते घंटांमध्ये मागे जे बसलंय, ती किटलीच ना?"

"हो."

"बघा! आमचा बाइंडर म्हणतो कासव आहे." फोन बाजूला धरून तो कुणालातरी ओरडला, "किटलीच आहे रे!" आणि आभार न मानताच त्याने फोन ठेवून दिला.

अंक बाहेर पडला. काही वाचक भांडले, पैसे घेऊन शब्द न देणं ही फसवणूक आहे असं एकाने कळवलं. एका बाईंनी लिहिलं की त्या आणि त्यांचे यजमान तो भाग शेजारी शेजारी बसून बघत होते, आणि कुणी आधी पान उलटायचं यावरून त्यांचं वाजलं. एकाने मासिक उलटं धरून पाहिलं होतं. तसंही त्याला आवडलं. क्रम कळवा, असं मात्र कुणी म्हणालं नाही. ताईने ती सगळी पत्रं वाचली आणि वहिनीने मोठ्याने वाचून दाखवायला लावली म्हणून पुन्हा वाचली.

मग डॉक्टरांकडे जायचा दिवस आला. डॉक्टरांनी पुन्हा नळी घालून पाहिलं आणि मान डोलावली. "झकास. आता हळूहळू बोलायला हरकत नाही. पहिले काही दिवस थोडं थोडं."

वहिनी आणि ताई दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. भोंग्याने घसा साफ केला. आवाज आला तो पूर्वीपेक्षा जरा खालच्या पट्टीतला, नवा कपडा घातल्यासारखा अवघडलेला.

"भूक लागलीय," तो म्हणाला.

थोडं थोडं म्हणजे किती, याविषयी डॉक्टरांची आणि त्याची कल्पना वेगळी निघाली. पण वहिनीने घरात एक करार करून घेतला. रविवारची सकाळ मौनाची. भोंग्याने तक्रार केली नाही. रविवारी सकाळी तो आता खिडकीत बसून रस्ता बघत असतो, आणि वहिनी म्हणते की तो अशा वेळी कशाकडे बघतोय हे बघायला तिला आवडतं.

पुढच्या भागासाठी तो वर आला तेव्हा संध्याकाळचं ऊन टेबलावर पडलं होतं. ताई शाईच्या निबा धूत होती.

"बाजार," भोंगा म्हणाला. "समुद्राच्या अगदी तळाला, म्हणजे अगदी वरती, हरवलेल्या उंचींचा बाजार भरतो. बुटकी माणसं येतात, कापडासारखी मापून घेऊन जातात. आणि पाणबुडी तिथे..."

"बोलतात का बाजारात?"

"बाजार आहे, ताई! बोलणारच. आरडाओरडा, घासाघीस. किटलीचं तर सगळ्यांशी भांडण होतं."

ताईने विचार केला. "किटलीला एक मोठा फुगा देते. बाकीच्यांचे लहान लहान, दूरवरचे. अक्षरं दिसणार नाहीत इतके लहान."

"किती मोठा?"

"आधी लिही. मग बघू."

त्याने खुर्ची ओढली. ताईने कोरा कागद घेतला आणि बाजाराची पहिली रेघ मारायला सुरुवात केली: एक म्हातारा दुकानदार, मोजपट्टी गळ्यात अडकवलेला. चेहरा काही जमेना. तिने मान वर करून समोर पाहिलं. तिथे भोंगा तावातावाने काहीतरी सांगत होता, घासाघीस कशी सुरू होते, कोण आधी चिडतं.

"हं, असाच," ती म्हणाली. "बोल तू, पण हनुवटी हलवू नकोस."

"ते कसं जमेल?" भोंगा म्हणाला, आणि खालून वहिनीने दोघांना जेवायला हाक मारली.